संकल्प सोडू नका, धरा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, 'ध्येय कसे ठरवावे व ते कसे गाठावे'. आम्ही गिरणीतली माणसं. कॉलेज पाहिले नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. म्हणून साध्या भाषेत बोलतो.

जुन्या रूढीत हातावर पाणी घेऊन संकल्प 'सोडत'. पाणी ताम्हनात पडले की संकल्पही गेला! आपण ती रूढी टाकली, पण सवय गेली का? 14 एप्रिलला भाषण ऐकून अंगात जोर येतो. दारू सोडीन, पोरांना शिकवीन, रोज वाचन करीन, असे आपण म्हणतो. वैशाख पौर्णिमा येईपर्यंत तो जोर कुठे जातो? जोर हा पाहुणा आहे बंधूंनो. घर चालते ते रोजच्या कामावर.

बाबासाहेबांचे बघा. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला. मध्ये 21 वर्षे आहेत. ती नुसती वाट पाहण्यात गेली नाहीत. 1936 साली मुंबईत परिषद घेऊन समाजाला विचारले. 1946 साली सिद्धार्थ कॉलेज काढले. 1950 साली सिलोनला व 1954 साली रंगूनला जाऊन बौद्ध परिषदांत भाग घेतला. 1955 साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. घोषणा एका दिवसाची होती, पायऱ्या 21 वर्षांच्या होत्या.

ध्येय आणि इच्छा यांत हाच फरक. 'पोरगा मोठा साहेब व्हावा' ही इच्छा झाली. 'रोज रात्री 8 ते 10 अभ्यास, आणि वर्षावास संपेपर्यंत गणिताचे पुस्तक एकदा पूर्ण' हे ध्येय झाले, कारण ते मोजता येते. दुसरी गोष्ट, ध्येय आपल्या हातातले असावे. पोलीस भरतीत जागा किती निघतील हे पोराच्या हातात नाही. पहाटे उठून 1600 मीटर पळणे त्याच्या हातात आहे. वहीत लिहायचे ते पळणे.

आता धम्मात याला काय सांगितले आहे? अष्टांगिक मार्गात 'सम्यक व्यायाम' आहे. काहींना तो जोर-बैठकांचा व्यायाम वाटतो! तसे नाही. त्याचा अर्थ योग्य प्रयत्न, आणि तो चार प्रकारचा आहे. जी वाईट सवय लागलेली नाही ती लागू न देणे. जी लागली आहे ती घालवणे. जो चांगला गुण नाही तो आणणे. जो आहे तो टिकवणे. आपण नेहमी तिसऱ्यालाच हात घालतो, चौथा विसरतो. टिकवणे हेसुद्धा काम आहे.

आणि अतिरेकही नको. सोण नावाचे भिक्खू चालून चालून पायांतून रक्त काढीत, तरी मनाला शांती नाही. घरी परत जावे असे त्यांना वाटू लागले. ते पूर्वी वीणा वाजवीत. तथागतांनी त्यांना विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? फार सैल ठेवली तर? दोन्ही वेळा नाही. पहिल्याच आठवड्यात रात्रभर जागणारी पोरं दुसऱ्या आठवड्यात पुस्तक उघडत नाहीत. त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तरीही खंड पडतोच. सूतगिरणीत साच्यावर शेकडो चात्या फिरत असतात. धागा तुटला म्हणून कोणी अख्खा साचा बंद करत नाही. ती एक चाती थांबवायची, टोक शोधायचे, सांधायचे आणि पुढे चालायचे. धागा तुटणे हा गुन्हा नाही. तुटलेला तसाच ठेवला तर माल जातो. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. त्यांनी पुन्हा येण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, 1920 साली परत गेले. 1923 साली डी.एस्सी. झाले. त्यातही प्रबंध एकदा दुरुस्तीसाठी परत आला होता!

मात्र 'जिद्द असली की सगळे होते' असे आम्ही म्हणणार नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारांत जिद्द कमी नव्हती. खुद्द बाबासाहेबांनाही सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती लागली, शाहू महाराजांची मदत लागली. म्हणून एखादा पोरगा नापास होऊन घरात तोंड लपवून बसला, तर 'तुझ्याच्यानं होणार नाही' हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये. हे वाक्य आपल्या बापजाद्यांना हजारो वर्षे ऐकवले गेले. आता ते आपल्याच घरात बोलले जाऊ नये. त्याची फी कुठे अडली, पुस्तक कुठे अडले, ते विचारा.

शेवटी एक सूचना. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा असा तीन महिन्यांचा वर्षावास असतो. विहारात एक वही ठेवू. प्रत्येकाने आषाढ पौर्णिमेला एकच ध्येय लिहावे. कोणी दारू सोडण्याचे, कोणी महिन्याच्या बचतीचे लिहील. शाळा सुटलेल्या ताईंनी 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसण्याचे लिहावे. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर किती दिवस पाळले ते सांगावे. कोणी हसायचे नाही, कोणी रागवायचे नाही. ज्याचा धागा तुटला असेल त्याला सांधायला शेजाऱ्याने हात द्यायचा. संघाला शरण जातो असे आपण रोज म्हणतो. एकमेकांना असे धरून ठेवले, तर त्या म्हणण्याला अर्थ येईल.

वहीचे पहिले पान कोरे आहे. त्यावर कोण लिहिणार, ते आजच ठरवू या.

नमो बुद्धाय! जयभीम!