तरत्या गोदीचे गणित



जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, पत्रे गंजतात. म्हणून त्याला अधूनमधून कोरड्यात घ्यावे लागते. त्यासाठी किनाऱ्यावर दगडी गोदी बांधावी, तर वर्षे जातात. दुसरा मार्ग तरत्या गोदीचा. तळाशी पोलादी टाक्या, दोन्ही बाजूंना उंच पोकळ भिंती आणि दोन्ही टोके मोकळी, असे तिचे रूप. टाक्यांत पाणी घेतले की गोदी खाली बसते व जहाज आत शिरते. पाणी उपसले की जहाजाला पाठीवर घेऊन ती वर येते.

इंग्रजांनी १९२८ साली अशी एक गोदी थेट टाइन नदीवरून ओढत सिंगापूरला नेली होती. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, ती गोदीही गेली, आणि पूर्वेकडील आरमाराला नव्या गोदीची निकड भासू लागली. ती कोठे बांधली गेली म्हणता? आपल्या मुंबईत! सुमारे ५०,००० टन उचलण्याची तिची ताकद. तिला सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, त्रिंकोमाली बंदरात नेऊन उभी केली.

८ ऑगस्ट १९४४ रोजी 'व्हॅलियंट' ही युद्धनौका तिच्यावर चढवण्यात येत होती. नौकेचे वजन ३०,००० टनांहून अधिक; शिवाय पोटात सगळा दारूगोळा. तरीही आकड्यांच्या हिशेबात गोदी तिला पुरून उरत होती. मग घडले काय? टाक्या रिकाम्या करण्याचा क्रम चुकला. भार एकीकडे आणि उठाव दुसरीकडे, अशी स्थिती झाली. गोदी टोकांशी प्रमाणाबाहेर वाकली, तिचा कणा मोडला आणि ती बुडाली. 'व्हॅलियंट' वाचली, पण तिचे आतले दोन पंखे आणि एक सुकाणू निकामी झाले. महायुद्धाच्या आघाडीवर ती पुन्हा गेली नाही. जबाबदार अधिकाऱ्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला.

श्रोतेहो, आपणही आता धरणे, पूल, गोद्या बांधतो आणि त्यांच्या क्षमतेचे आकडे अभिमानाने सांगतो. सांगावेतच. परंतु मुंबईच्या कामगारांनी महिनोन्‌महिने खपून जोडलेले पोलाद पंपांच्या चुकीच्या क्रमाने गमावले, हेही ध्यानी असावे. बांधणाऱ्याइतकेच शिक्षण चालवणाऱ्यालाही मिळाले पाहिजे.