सवयी विमानतळावर उतरवून ठेवू नका

(नांदेड येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



माझं माहेर नांदेडचं आणि सासर लातूरचं. २०१८ सालापासून नवरा आणि मी जर्मनीत म्युनिकला राहतो. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहोत. सुट्टीत इकडे आले की तुमच्यासारखी मुलं-मुली भेटायला येतात. प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, व्हिसा कसा मिळतो, हलाल मटन मिळतं का, हिजाबवरून कुणी बोलतं का. विचारायलाच हवेत असे प्रश्न आहेत. पण तिथे भांडी कोण घासतं, हे मला आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. मी आज त्याबद्दल बोलणार आहे. कारण देश बदलला की सगळ्यात आधी बदलतं ते न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि कचऱ्याची बादली.

न्हाणीघरापासून सुरुवात करू. तिथल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला वाट नसते. टब असतो, नाहीतर काच लावलेला शॉवर. बाहेर सांडलं की फडक्याने पुसून काढायचं. वजू करताना पाय बेसिनमध्ये उचलून धुवायचे, नाहीतर टबच्या काठावर बसायचं. महिनाभरात हात आपोआप नळ बारीक सोडायला शिकतो. संडासात कागद असतो, पाणी नसतं. म्हणून आपली माणसं झाडांना पाणी घालायची झारी विकत आणतात आणि तिला लोटा म्हणतात.

मी गेले त्या वर्षी रमजान मे-जूनमध्ये आला होता. सूर्य नवाच्या सुमारास मावळायचा आणि सहरी तीनच्या आतबाहेर संपायची. रात्री दहानंतर इमारतीत आवाज करायचा नाही असा नियम, म्हणजे सहरीला कुकरची शिट्टी बंद. सालन संध्याकाळीच करून ठेवायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच सगळं भरायचं. कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, बाकीचा वेगळा. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत.

आपण म्हणतो, त्या लोकांच्या रक्तातच शिस्त आहे. रक्तात काही नसतं. ते २५ सेंट काढून घ्या, मग किती बाटल्या परत येतात बघू. आपला माणूसही तिथे आठवड्याभरात बाटल्या गोळा करायला लागतो. त्याचं रक्त नांदेडचंच असतं, फक्त आजूबाजूची व्यवस्था बदललेली असते. बहुतेक सवयी व्यवस्थेतून येतात. आणि व्यवस्था माणसं करतात, म्हणजे ती बदलताही येते.

हे पाहायला जर्मनीला जायची गरज नाही, लातूर पुरेसं आहे. नळ आला की कालचं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं आणि नवं भरायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पाणी एका रात्रीत शिळं होत नाही, हे कुणी सांगून पटत नव्हतं. मग २०१६चा उन्हाळा आला. मांजरा धरण आटलं. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या तीन लाख ऐंशी हजारांच्या वर होती. म्हणजे त्या पहिल्या गाडीतून माणशी दीड लिटरही पाणी आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासरी शिळं पाणी हा शब्दच गेला. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, वजूचं पाणी परातीत धरून संडासात. पैगंबर (स.) एका मुदने वजू करत असं हदीसमध्ये आहे. एक मुद म्हणजे फार तर लिटरभर. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट लातूरने त्या वर्षी करून पाहिली.

माझ्या सासू, मी त्यांना अम्मीच म्हणते, म्युनिकला आमच्याकडे आल्या तेव्हा शॉवरमध्ये गरम पाणी येईपर्यंत गार पाणी वाहून जाताना त्यांनी पाहिलं आणि बादली मागितली. आमच्याकडे बादली नव्हती, ती विकत आणली. ती अजून तिथेच आहे, बाल्कनीतली कोथिंबीर तिच्यातल्या पाण्यावर वाढते. जर्मनीत घरगुती वापर माणशी रोज सव्वाशे लिटरच्या आसपास आहे. आपल्याकडे गटारयोजना असलेल्या शहरांसाठी नियोजनाचं माप १३५ लिटर आहे. चोवीस तास नळ असूनही ते लोक बेताने वापरतात, कारण पाणी घेतल्याचे पैसे मोजावे लागतात आणि सांडपाणी सोडल्याचेही. तेव्हा सवयी तिकडून इकडेच येतात असं नाही. लातूरची सवय म्युनिकलाही गेली.

आता स्वयंपाकघर. तिथे रोज कामाला बाई लावणं दोन पगारांतही परवडत नाही. सासू, नणंद, जाऊ हाताशी नाहीत. दोघंही संध्याकाळी सहाला थकून येतो. मग कोण काय करणार हे ठरवावंच लागतं. आमच्याकडे डाळ-सालन माझं, भाकरी आणि भांडी नवऱ्याची. ज्वारीचं पीठ लातूरहून नेतो. त्याची भाकरी आज माझ्यापेक्षा चांगली फुगते.

तुम्ही म्हणाल, ही इंजिनियर लोकांची गोष्ट आहे, तिथे भांडी घासायला मशीन असतं. बरं, मग आखातातली गोष्ट घ्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी जेद्दाहला, रियाधला, दुबईला आहे. एका खोलीत सहा-आठ माणसं, मेसची पाळी लावलेली. माझे एक मामू १९ वर्षं जेद्दाहला होते. आठ माणसांचं खाना बनवायचे, पातेली घासायचे, कपडे धुवायचे, शर्टाचं बटण स्वतः लावायचे. तिथे त्यांना कुणी जोरू का गुलाम म्हटलं नाही. नांदेडला आले की खाटेवर बसून आवाज द्यायचे, "जरा पानी ला गे." माठ खाटेपासून चार पावलांवर होता.

त्या हातांना काम येत होतं. १९ वर्षं केलं होतं. मग ही सवय गेली कुठे? ती विमानतळावर उतरवून ठेवलेली असते. जाताना परत उचलायची.

आमचं विमान हैदराबादला उतरतं आणि माझ्या नवऱ्याच्या बाबतीतही तेच होऊ लागलं होतं. लातूरच्या घरात जेवण झालं की तो ताटं उचलायला उठायचा आणि अम्मी म्हणायच्या, "रहन दे बेटा, बहू है ना." तो बसायचा. महिन्याभराची सुट्टी, जाऊ दे, असं मलाही वाटलं असतं. पण त्या घरात माझी पुतणी होती.

पुतणी आणि तिचा चुलतभाऊ, दोघंही त्या वर्षी नीटची तयारी करत होते. लातूर पॅटर्नचं शहर. मुलासाठी अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून जागा घेतली होती. सकाळी जायचा, रात्री जेवायला यायचा. मुलगी घरीच अभ्यास करायची. घरी असली की हाक येणारच. भाकरी, दस्तरखान, भांडी, पाणी भरणं. तिचं पुस्तक रात्री साडेदहाला उघडायचं. परीक्षेचा पेपर मात्र दोघांना सारखाच.

ही एका घराची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. शिवाय दिवसात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. २९९ आणि ९७ यांतला फरक रोजचे तीन तासांहून जास्त, वर्षाचे बाराशे तास. नीटची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, बाराशे तास म्हणजे काय.

एका रात्री माझा नवरा सगळ्यांसमोर उठला, ताटं उचलली आणि मोरीवर जाऊन बसला. पुतण्यालाही त्याने हाक मारली. पुतणीला सांगितलं, तू अभ्यासाला बस. अम्मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मोरीपाशी येऊन म्हणाल्या, "कढई बराबर घिस, नीचे तेल रहता." आम्ही होतो तोवर पुतणीचं पुस्तक साडेआठला उघडत होतं. आम्ही गेल्यावर काय झालं, ते पुतण्यावर होतं. तो आठवड्यातले चार दिवस भांडी घासत राहिला. सात नाही, चार. मी ते चारही मोजते.

काही जण म्हणतात, हे आपल्यात नाही. आपल्यात म्हणजे कुणात? पैगंबर (स.) घरी असताना काय करत, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं होतं. घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की नमाजला जात, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर सहीह बुखारीत आहे. दाढीची, टोपीची सुन्नत आपण लक्षात ठेवतो. ही सुन्नत कोणत्या मजलिसमध्ये ऐकली, आठवून बघा.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. तलाक, बहुपत्नीत्व, कायद्यातले हक्क हे त्यांचे विषय होते. ते प्रश्न सरकारला विचारायचे होते. मोरीवर कोण बसणार हा प्रश्न कोणत्याही सरकारला विचारता येत नाही. तो आपल्याच घरात सोडवावा लागतो.

आणि तिकडचं सगळं आणू नका. आमच्या इमारतीत शेजाऱ्याचं नाव दाराच्या पाटीवर वाचूनच कळतं. बाळंतीण घरी आली तरी कुणाच्या हातून डबा येत नाही. आपल्या मोहल्ल्यात इफ्तारीची झाकलेली ताटं या घरातून त्या घरात जातात, त्यात शेजारच्या हिंदू घरातली पुरणपोळीही फिरते. ही सवय जपा, परदेशात गेलात तर सोबत न्या. फक्त ते ताट पोचवायला मुलीलाच पाठवायचं आणि मुलाने मोबाइल बघत बसायचं, एवढं बदला.

शेवटी तीन कामं सांगते. एक, आपलं ताट आपण धुवायचं, आजच रात्रीपासून. दोन, येत्या रमजानमध्ये सहरीला घरात सगळ्यात आधी कोण उठतं ते बघा, आणि आठवड्यातून तीन दिवस तिच्या आधी उठा. तीन, मुलींसाठी: रिश्ता आला की मुलीला काय बनवता येतं असं विचारतात. तोच प्रश्न तुम्ही मुलाला विचारा, त्याच्या अम्मीच्या समोर. तो हसला तरी उत्तर येईपर्यंत थांबा.

यातल्या कशालाच व्हिसा लागत नाही.