एकच राज्य, दोन मतदानं, दोन उलटी उत्तरं

आजचा विषय शाळेतल्या भाषेचा आहे, पण गोष्ट कॅलिफोर्नियाची. आणि तिचा हिरो म्हणा, व्हिलन म्हणा, एक सॉफ्टवेअरवाला आहे. म्हणजे आपल्याच जातकुळीतला.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कॅलिफोर्नियात पुरेशा मतदारांच्या सह्या जमवल्या की कायद्याचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येतो. याला म्हणतात प्रपोझिशन. लोक हो किंवा नाही म्हणतात. हो जास्त पडले की झाला कायदा. विधिमंडळसुद्धा असा प्रस्ताव लोकांपुढे ठेवू शकतं.

तर १९९८. सिलिकॉन व्हॅलीतला उद्योजक रॉन अंझ ‘प्रपोझिशन २२७’ घेऊन आला. घोषणा होती, ‘इंग्लिश फॉर द चिल्ड्रन’. मागणी अशी, की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना साधारण एक वर्ष खास इंग्रजी वर्गात बसवा आणि मग थेट नेहमीच्या वर्गात पाठवा. स्पॅनिशमधून शिकवणं जवळपास बंद.

हे ऐकून राग येतो ना? पण थांबा. दोन वर्षं आधी, १९९६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या नाइन्थ स्ट्रीट शाळेत स्पॅनिश बोलणाऱ्या आईबापांनीच मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आमच्या पोरांना इंग्रजी शिकवा. ही भीती खरी होती. अंझनं ती बरोबर हेरली. सुमारे ६१ टक्के मतं मिळवून प्रस्ताव पास झाला.

मग दुभाषिक वर्ग हवा असेल तर? पालकानं स्वतः शाळेत जाऊन सूट मागायची, तीही दरवर्षी. आता दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या आईला हे किती जमणार? आधी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलं दुभाषिक वर्गांत होती. ते प्रमाण धडाधड खाली आलं.

याच लाटेत २००० मध्ये ॲरिझोनानं आणि २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं तसेच प्रस्ताव पास केले. कोलोरॅडोनं मात्र २००२ मध्ये नाही म्हटलं.

आता या फाइंडिंगकडे लक्ष द्या. राज्यानंच करून घेतलेला पाच वर्षांचा अभ्यास २००६ मध्ये आला. निष्कर्ष काय, तर एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचा ठाम पुरावा नाही. एवढी उलथापालथ करून हाती आलं हे!

२०१६ मध्ये राज्य सिनेटर रिकार्डो लारा यांच्या पुढाकारानं ‘प्रपोझिशन ५८’ मतपत्रिकेवर आलं. जुनी बंधनं काढा, म्हणून. आणि तेच राज्य ७३ टक्क्यांहून जास्त मतांनी हो म्हणालं!

असं काय बदललं? माझ्या मते, प्रश्न बदलला. १९९८ मध्ये लोकांना वाटलं, स्पॅनिश की इंग्रजी, एकच निवडा. २०१६ च्या प्रस्तावाच्या शीर्षकात पहिले शब्दच होते ‘इंग्लिश प्रोफिशियन्सी’, आणि नंतर बहुभाषिक शिक्षण. म्हणजे इंग्रजी पक्की, वर आणखी एक भाषा. अंझनं या शीर्षकावर आक्षेपही घेतला. शिवाय तोवर इंग्रजी बोलणाऱ्या घरांनाही आपल्या मुलांना स्पॅनिश किंवा मँडरिन यावी असं वाटू लागलं होतं. ‘त्यांच्या’ मुलांचा प्रश्न ‘आपल्या’ मुलांचा झाला.

नियमही उलटा फिरला. आता एका इयत्तेतल्या २० किंवा अख्ख्या शाळेतल्या ३० मुलांच्या पालकांनी मागणी केली, की शक्य तितकं करून तो वर्ग देणं शाळेचं काम. पण कायदा आला म्हणून शिक्षक येत नाहीत. वीस वर्षं मागणीच नव्हती, तर दोन्ही भाषांतून शिकवणारी माणसं तयार कुठून होणार? त्यांची टंचाई जाणवलीच.

आपल्याकडे अशी मतदानं होत नाहीत. आपल्याकडे जीआर येतो. पण आईबाप तर रोज मत देतात, पोराला कुठल्या शाळेत घालायचं ते ठरवून. मी स्वतः सेमी-इंग्लिशवाला. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. घरच्यांना मराठीचं प्रेम होतंच, पण ‘पुढे इंजिनिअरिंगला अडणार नाही ना?’ याचं उत्तर मिळालं, म्हणून त्यांनी ती शाळा निवडली.

म्हणून मराठी शाळांसाठी धडपडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एकच सांगणं. इंग्रजीच्या मागे धावणाऱ्या पालकांना नावं ठेवू नका. ‘इथे मुलाचं इंग्रजी कच्चं राहणार नाही’ हे आधी दाखवा. मराठीचा मुद्दा त्यानंतर ऐकला जाईल.

तुमच्या घरी शाळा निवडताना कुठला प्रश्न आडवा आला होता? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!