आखूड पायांची बँटम : लांब पायाचे पिल्लू विकू नका



शोभेच्या कोंबड्या पाळण्याची हौस आता खेड्यांतही दिसते. त्यात जपानी बँटम अनेकांना भुरळ घालते. पाय इतके आखूड, की पोट जमिनीला टेकल्यासारखे वाटते. शेपटी उभी, डोक्याच्याही वर.

हौशी माणूस चांगली किंमत मोजून आखूड पायांचीच जोडी आणतो. खुडूक कोंबडीखाली १२ अंडी बसवतो आणि त्यांतली तीन-चार वाया जातात. मग कोणी विजेच्या कडकडाटाला दोष देतो, कोणी कोंबडीला, तर कोणी घरातल्या बाईला. खरे कारण जोडीतच असते.

पाय आखूड करणारे जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आले, तर पिल्लू आखूड पायांचे होते. दोघांकडूनही आले, तर जीव अंड्यातच मरतो, बहुधा पहिल्या काही दिवसांतच. मी कृषिविद्या शिकवणारा. वर्गात मेंडेलचे वाटाणे सांगतो, तोच हिशेब इथेही. दोन्ही पक्षी आखूड पायांचे असतील, तर १२ सफल अंड्यांत सरासरी ३ मरतात, ६ आखूड पायांची आणि ३ लांब पायांची पिल्ले निघतात.

ही लांब पायांची पिल्ले ‘भेसळ’ समजून आपण बाजारात काढतो. तसे करू नका. त्यांच्यात ते जनुक नसते. असा नर आखूड पायांच्या माद्यांना लावा. १२ सफल अंड्यांत सरासरी ६ आखूड, ६ लांब. या कारणाने एकही मरत नाही. म्हणजे आखूड पिल्ले दोन्हीकडे सहाच! शिवाय अगदी आखूड पायांच्या नराला मादीवर चढणे जड जाते, तो त्रासही वाचतो. नर निवडताना शेपटी उभी पाहा आणि सख्ख्या भावंडांची जोडी टाळा. दुसऱ्या पाळणाऱ्याशी नराची अदलाबदल करा.

सातव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडापुढे धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या, तर जीव वाढतो आहे. तांबडे कडे दिसले, तर तो मेला. अंडे स्वच्छ दिसले, तर बहुधा ते निर्बीज; अशी अंडी फार निघाली, तर नर बदला.

पोट जमिनीलगत असल्याने पावसाळ्यात ओल्या गादीचा यांना फार त्रास होतो. भाताचे तूस कोरडे ठेवा, रोज हलवा. बसायची काठी वीतभर उंचीवरच बांधा. राणीखेतसाठी लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्या. पुढच्या मात्रा पशुवैद्यकांना विचारून ठरवा.