गाडीतले गाणे आणि खिशातला हिशेब



मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातले गाव भीमा आणि घोड या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात आहे. भीमा ओलांडली की दौंड तालुका. पट्टा उसाचा, म्हणून हंगाम लागला की रस्ता ट्रॅक्टरांचा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माणूस सांगतो, 'हा अमक्याचा ट्रॅक्टर, कारखान्याकडे निघालाय.' दिवा दिसायच्या आधी गाणे ऐकू येते. मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दोरांनी आवळलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे लोखंडी पेटीत बसविलेले दोन दांडगे स्पीकर.

मला आज त्या पेटीविषयी बोलायचे आहे. ती ट्रॅक्टरवर असो, जीपमध्ये असो, की एखाद्या गुरुजींनी हौसेने घेतलेल्या जुन्या मोटारीत असो. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ही चैन आहे, कशाला हवी? मला तसे वाटत नाही. कारखान्याच्या आवारात रांगेत रात्र काढणाऱ्या माणसाला गाण्याची सोबत लागते, आणि रोज पन्नास किलोमीटर जाऊन येऊन नोकरी करणाऱ्या शिक्षकालाही लागते. हरकत आहे ती पैसा ज्या रीतीने जातो त्या रीतीला. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो. गाडीला टेप बसविताना मात्र दुकानात शिरतो, सगळ्यांत मोठा आकडा लिहिलेला खोका उचलतो आणि बाहेर येतो.

ही हौस मुळात महागच होती. १९३० साली अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीने जो संच काढला त्याची किंमत मोटारीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती. आज तेवढे पैसे पडत नाहीत, पण 'किती घालावे?' हा प्रश्न तोच आहे.

आता त्या खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. डॅशबोर्डात बसणाऱ्या साध्या डेकच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असते. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. या दाबावर स्वच्छ, न फाटलेला सूर जास्तीत जास्त किती शक्तीने निघेल? १२ चा वर्ग १४४. त्याला रोधाच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागा. उत्तर १८ वॅट. एंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो, तेव्हा थोडी भर पडते. पण डेकमधला घटही धरला तर प्रत्यक्षात पंधरा ते वीस वॅटच हाती लागतात. मग पन्नास आले कुठून? तो क्षणभराचा कमाल आकडा असतो, सूर फाटला तरी मोजलेला. म्हणून दुकानात एकच शब्द विचारावा, 'आरएमएस किती?' हा सतत टिकणाऱ्या शक्तीचा आकडा. दुकानदार उत्तर द्यायला कचरला, तर दुसरे दुकान पाहावे.

पण समजा, आकडा खरा आहे. पन्नास वॅटच्या ॲम्प्लिफायरऐवजी शंभर वॅटचा घेतला तर आवाज दुप्पट होईल का? नाही होत, बरं का! इथेच पुष्कळांचे पैसे जातात. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला ती वाढ जेमतेम कळते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दसपट लागते. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही घटत्या उपयोगितेचा नियम शिकवतो: भुकेल्याला पहिली भाकरी गोड, दुसरी बरी, चौथी नकोशी. कान हा त्या नियमाचा सगळ्यांत कडक गुरुजी आहे. एक वॅटवरून दहावर गेलात तर सुख दुप्पट. तेवढेच सुख पुन्हा पाहिजे असेल तर दहावरून शंभरावर जावे लागते, आणि पुढच्या दुपटीला हजारावर. हजार वॅटच्या मागे लागलेला माणूस बॅटरी आणि तार या दोन्ही बाबतींत कर्जात उतरतो.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे त्यात होती, आणि गावोगावी वीसेक माणसे एका संचाभोवती बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. त्या काळच्या संचातून बाहेर पडणारी शक्ती मोजून दोन-चार वॅटांची! वीस माणसांना ती पुरत होती, कारण ऐकताना कुणी बोलत नसे आणि बाहेर एंजिन धडधडत नसे.

यातच खर्चाची किल्ली आहे. आवाज वाढविण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे भोवतालचा गोंगाट कमी करणे. दाराच्या आत पातळ पत्रा असतो. तो थरथरतो, स्पीकरचा खालचा सूर खातो आणि रस्त्याचा आवाज आत घेतो. त्याला आतून रबरी डांबरासारखे शीट चिकटवले, की तोच स्पीकर वेगळा वाजतो. गोंगाट ३ डेसिबलने उतरला, तर ॲम्प्लिफायर दुप्पट केल्यासारखेच झाले. ट्रॅक्टरला तर दारच नाही. तिथे आधी फुटका सायलेन्सर बदलावा. सायलेन्सर फुटका ठेवून त्यावर मात करण्यासाठी मोठा स्पीकर घेणे म्हणजे गळक्या घागरीसाठी दुसरी विहीर खणणे होय.

दुसरी स्वस्त गोष्ट स्पीकरच्या निवडीत आहे. स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो, समजा ८६ किंवा ८९ डेसिबल. एक वॅट शक्ती दिली की एक मीटरवर किती आवाज निघतो, हे तो सांगतो. ८९ चा स्पीकर ८६ च्या स्पीकरचे काम निम्म्या वॅटांत करतो. हा आकडा कुणी विचारत नाही, कारण तो मोठा दिसत नाही.

आता पैशाचा आराखडा मांडू. समजा, तुमच्याकडे तीस हजार रुपये आहेत. पुढचे आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत. भाव दुकानागणिक बदलतात. गाडीतला डेक चालू असेल तर त्याला हात लावू नका. पहिल्या टप्प्यात पंधरा हजारच काढा: पुढच्या दारांचे चांगले स्पीकर सात हजार, दारांची शीट तीन हजार, तार व फ्यूज अडीच हजार, मजुरी दीड हजार, आणि एक हजार हातचे. दोन महिने ऐका. पुष्कळ जणांची हौस इथेच भागते. नाहीच भागली, तर उसाचे पुढचे बिल आल्यावर दुसरा टप्पा: ॲम्प्लिफायर आठ हजार, लहान पेटीचा वूफर पाच हजार, मजुरी एक हजार, पुन्हा एक हजार हातचे. मात्र एक ध्यानात ठेवा. दुसऱ्या टप्प्याची जाड तार पहिल्याच टप्प्यात ओढून ठेवावी, कारण गालिचा उचलण्याची मजुरी दोनदा देण्यात शहाणपण नाही.

आणि हे पैसे उसने काढू नयेत. तीस हजार शेकडा दोन रुपये महिना व्याजाने घेतले आणि वर्षाने फेडले, तर महिन्याला सहाशे प्रमाणे बहात्तरशे रुपये व्याज होते. म्हणजे पुढच्या दारांचे स्पीकर सावकाराच्या दारात वाजले! दुकानातल्या हप्त्यांचाही असाच एकूण बेरजेने हिशेब करावा. 'महिना फक्त इतके' या बोलण्याला भुलू नये.

तारेविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे नुसते पैसे जात नाहीत, गाडीही जळते. दोनशे वॅट बाहेर देणारा चांगल्या कार्यक्षमतेचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना बॅटरीकडून वीसएक अँपिअर ओढतो. जुन्या पद्धतीचा असेल तर तीसच्या वर. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर तार धरा. ती चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असली, तर तीस अँपिअरला जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच गळतो आणि तारेची ऊब होतो. सोळा चौरस मिलिमीटरची घेतली तर ही गळती एक चतुर्थांशावर येते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्त मिळते, वरून तशीच लाल-गुलाबी दिसते. ॲल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. टोक खरवडून बघा, आत पांढरे दिसले तर ओळखावे.

फ्यूज बॅटरीजवळ हवा, हात-दीड हातापेक्षा लांब नव्हे. फ्यूज ॲम्प्लिफायर वाचविण्यासाठी असतो अशी समजूत आहे, पण तो तार वाचवितो. पत्र्याच्या भोकातून गेलेली तार खड्ड्याखड्ड्याला घासते, एक दिवस तिचे आवरण फाटते आणि बॅटरीची सगळी ताकद त्या ठिकाणी उतरते. डिकीत ॲम्प्लिफायरपाशी लावलेला फ्यूज तेव्हा काही करू शकत नाही. म्हणून भोकात रबरी कडे आणि बॅटरीपाशी फ्यूज, या दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नका. मूळ वायरिंग कापून सांधा मारू देऊ नये. त्या गाडीचा तयार कपलर मिळतो, तोच मागावा. नव्या गाडीची वायरिंग कापली की वॉरंटीच्या वेळी वाद होतो. बसविलेल्या सामानाची पक्की पावती घेऊन विमा कंपनीला कळवावे आणि थोडा जादा हप्ता पडला तर भरावा.

बॅटरीचेही ऐका. मोटारीची बॅटरी साधारण चाळीस अँपिअर-तासांची असते. एंजिन बंद करून वीस अँपिअर ओढले, तर कागदावर दोन तास; पण तासाभरातच स्टार्टर कुरकुर करू लागतो. ट्रॅक्टरची बॅटरी मोठी, तरी रांगेत रात्रभर जोरात वाजविले तर पहाटे धक्का मारायला माणसे शोधावी लागतात. हळू आवाजात मात्र दोन-तीन अँपिअरवर भागते, आणि बंद एंजिनाशेजारी हळू आवाजच पुरतो.

आता कानाकडे येऊ. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची मर्यादा अशी, की ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करावे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरचा नुसता एंजिनाचा आवाजच ड्रायव्हरच्या कानाशी नव्वदच्या घरात जातो. त्यावर गाणे ऐकायचे तर आणखी वर जावे लागते, आणि हे हंगामभर, रोज. दुखत नाही, रक्त येत नाही. तिशी-पस्तिशीत माणूस 'काय म्हणालास?' असे विचारू लागतो, एवढेच.

याहून तातडीची गोष्ट म्हणजे मागून येणारा हॉर्न ऐकू न येणे. दोन ट्रॉल्यांच्या मागे काय आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही. त्याला ते कळते ते कानानेच. कान गाण्याने भरला, की तो आंधळाही होतो. म्हणून ट्रॅक्टरच्या आराखड्यात मी एक रक्कम पहिल्याच ओळीत लिहीन: दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे-बाजूला चकाकणाऱ्या पट्ट्या आणि चालू असलेला मागचा दिवा. स्पीकरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, पण अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्यावर आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली जाते, आणि वस्तीच्या भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. पण सीटमागच्या पेटीची तोंडे गावाकडे वळवलेली का असतात, हे मला अजून उमगलेले नाही. ऐकायचे ड्रायव्हरला आहे. स्पीकर त्याच्या कानाच्या जवळ, त्याच्याकडे तोंड करून बसविला, तर चतुर्थांश शक्तीत काम होते. अंतर निम्मे झाले की मोकळ्या हवेत आवाज ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट.

बसवून झाल्यावर दुकानातून लगेच निघू नका. किल्ली काढा आणि ॲम्प्लिफायरवरचा दिवा विझतो का पाहा. विझत नसेल तर त्याची चालू-बंदची बारीक तार थेट बॅटरीला जोडली आहे; ती किल्लीच्या जोडणीवर घ्यायला लावा, नाहीतर दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसेल. मग एंजिन चालू करून नेहमीच्या आवाजात दहा मिनिटे वाजवा आणि फ्यूजची पेटी हाताने चाचपून बघा. ती कोमट लागली तर सांधा ढिला आहे. तिथेच आवळून घ्यावा. आपल्या रस्त्यांवर सहा महिन्यांनी तो पुन्हा ढिला होतो. तेव्हा पाना घेऊन तो आणि बॅटरीची टोके घरीच आवळता येतात, त्याला दुकानात जावे लागत नाही.