पहिल्या तासाची पेंग



सकाळच्या पाळीत पहिला तास घेणाऱ्या कोणाही शिक्षकास विचारा. नववी-दहावीची बरीचशी मुले डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे होतो. तो शब्द उच्चारण्यापूर्वी थोडा विचार व्हावा, एवढ्याचसाठी मी उभा आहे.

आपल्या शरीरात घड्याळ आहे, ही नुसती उपमा नव्हे. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे रोप अंधारात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. हे घड्याळ पेशींत कसे चालते, ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडल्यावर आपल्या मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते आणि शरीर झोपेला लागते. वयात येताना मात्र ते उशिरा स्रवू लागते. म्हणजे दहा वाजता अंथरुणावर पाठविलेला चौदा वर्षांचा मुलगा अकरापर्यंत कूस बदलत राहिला, तर तो त्याचा हट्ट नसतो. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी आणि शाळेची घंटा तर सातला होते! हिशेब आपणच करावा.

दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. म्हणूनच रात्रभर जागून घोकलेली सनावळी पेपरात ऐन वेळी दगा देते. अपुऱ्या झोपेची चिडचिड व रडारड तर घरोघरी माहीत आहे.

अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कुले ७.५० ऐवजी ८.४५ ला भरविली. मग मुले रात्री आणखी जागतील, असा आक्षेप कोणीही घेईल. परंतु दोन शाळांत मोजणी झाली, तेव्हा रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. आपल्या शासनाने २०२४ मध्ये आदेश काढला तो चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत न भरविण्याचा. लहानांची सोय झाली, आनंद आहे. पण ज्यांचे घड्याळ खरोखर मागे पडते, ती मोठी मुले तशीच राहिली.

दोन खोल्यांचे घर, वडिलांची रात्रपाळी, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट. अशा ठिकाणी 'दहाला दिवा घालवा' असा उपदेश मी करणार नाही. मात्र अंथरुणातला मोबाईल काढून घेणे आपल्या हाती आहे. रमजानमध्ये सहरीला उठावेच लागते, पण तरावीहनंतर पोरांनी बाजारात भटकलेच पाहिजे असे नाही. दिवसभर पेंग येते ती पुष्कळदा त्या भटकण्याची, आणि नाव होते रोज्याचे. दुपारी अर्धा तास कैलुला करण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय मुलांनाही लावावी.

दोन पाळ्यांच्या शाळेत वेळ बदलणे अवघड आहे, हे मी जाणतो. वेळापत्रक तर आपलेच आहे. दहावीचे गणित पहिल्या तासाऐवजी चौथ्या तासाला घ्यावे, अशी विनंती मी मुख्याध्यापकांकडे केली आहे. पालक सभेत आपणही हा विषय काढावा.