गोऱ्ह्याचा हिशेब

(मुळशी तालुक्यातील सूस येथे, कापूस-ज्वारी पट्ट्यातून आलेल्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आपण ज्या सूस गावात बसलो आहोत ते जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. मुळशी हा भाताचा तालुका. चिखलणीला बैल लागायचा. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, बैलाचे काम संपले आणि बैलही संपला. त्यात कोडे काही नाही. कोडे तुमच्याकडचे आहे. तुमची जमीन जागेवर आहे. कपाशी गुडघ्याला लागली की डवरणीला अजून बैलच लागतो. तरी दावणीचा बैल का कमी होतो आहे?

२०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत दोन कोटींवर नर घटले, आणि त्याच काळात गायी मात्र वाढल्या. गाय गोऱ्हा आणि कालवड निम्मे निम्मेच देते. मग हे गोऱ्हे गेले कुठे? सगळे काही कृत्रिम रेतनाने टाळलेले नाहीत. कित्येक दुधावाचून मेले, कित्येक रात्री दावे कापून सोडून दिले. हे आपल्याला माहीत आहे, फक्त बैठकीत कोणी बोलत नाही. आज बोलू.

वाट कुठे बंद झाली

बैल हे शेतकऱ्याचे भांडवल होते. गोऱ्हा वाढवायचा, आठ-दहा वर्षे राबवायचा, थकला की बाजारात विकून त्या पैशात थोडी भर घालून नवा घ्यायचा. राज्याच्या १९७६ च्या पशु संरक्षण कायद्याने गाय आणि वासरू कापायला बंदी होती; दाखला घेऊन थकलेला बैल जाऊ शकत होता. विधिमंडळाने १९९५ साली केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ६ मे २०१६ रोजी उच्च न्यायालयाने काही कलमे रद्द केली, पण ही बंदी कायम ठेवली.

कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलून झाले. मी हिशेबाचे बोलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने गोशाळांना एका देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदान ठरवले. म्हणजे वर्षाचे १८,२५० रुपये. थकलेला बैल पाच वर्षे जगला तर याच दराने ९१,२५० रुपये होतात. गोशाळेला जे लागते ते शेतकऱ्याच्या दावणीला लागत नाही काय? विकायची वाट बंद करणाऱ्याने चारा कोणी घालायचा तेही सांगितले पाहिजे. ही मागणी आपण करूच. पण मागणी मान्य होईपर्यंत गोऱ्हे जन्मायचे थांबत नाहीत. म्हणून माझे सांगणे एवढेच : गोऱ्हा मोजून जन्मू द्या, आणि जन्मला तो नीट वाढवा.

जन्माच्या आधी

दुधासाठी ठेवलेल्या संकरित गायीचा गोऱ्हा औताला फारसा कामाचा नाही. वशिंड नाही, त्यामुळे जू नीट बसत नाही. उन्हात धापा टाकतो. अशा गायीला लिंगनिर्धारित रेतमात्रा भरून घ्या. शंभरातल्या नव्वदच्या आसपास कालवडी होतात. मात्र ही मात्रा नेहमीच्या मात्रेपेक्षा थोडी कमी ठरते. म्हणून गाय निरोगी, अंगाने भरलेली आणि माज ओळखून वेळेवर भरलेली हवी. औताचा बैल पाहिजे असेल तर आपली जातच बरी. नांदेडकडे लाल कंधारी, लातूरकडे देवणी, वर्ध्याकडे गवळाऊ. गावात किती जोड्या लागतील ते मोजा आणि तेवढ्यापुरत्याच गायी या जातीच्या वळूकडे न्या.

पहिले सहा महिने

वासरू पडल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे वीस किलोच्या वासराला दिवसाला दोन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. एक दिवस उलटला की चिकातली रोगाशी लढणारी शक्ती वासराच्या रक्तात उतरत नाही. खरवस शेजाऱ्यांना उरलेल्या चिकाचा वाटा. गोऱ्हा आहे म्हणून चीक तोडू नका. नाळेला आयोडीन लावा. दहा-पंधरा दिवसांनी जंताचे औषध, पुढे सहा महिन्यांपर्यंत डॉक्टरांना विचारून महिन्याच्या महिन्याला. लाळ्या-खुरकूतची लस चौथ्या महिन्यात. घटसर्प आणि फऱ्याची सहा महिन्यांनंतर, पावसाळ्यापूर्वी.

कापूस आणि ज्वारीवाल्यांना दोन गोष्टी बजावून सांगतो. सरकी आणि सरकीची पेंड लहान वासराला घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. मोठ्या जनावराचे पोट ते पचवते, चार-सहा महिन्यांच्या वासराचे पोट तयार झालेले नसते. पैदाशीच्या वळूलाही सरकी बेतानेच, कारण त्याचे वीर्य बिघडते. दुसरी गोष्ट : कापणीनंतर फुटलेली किंवा पावसाच्या ओढीने खुरटलेली कोवळी ज्वारी चारू नका. जनावर तासाभरात आडवे होते. ज्वारी निसवल्यावर चारा, नाहीतर वाळवून कडबा करा.

वर्षापासून तीन वर्षांपर्यंत

संकरित गोऱ्हा दहा-बारा महिन्यांत माजावर येतो, देशी थोडा उशिरा. त्याआधीच त्याला कालवडींपासून वेगळा बांधा. नाहीतर कोवळी कालवड गाभण राहते आणि अडते. औताचा खोंड दोन ते अडीच वर्षांचा झाला, दुदाती झाला, की चिमट्याने खच्ची करून घ्या. लवकर केला तर मान भरत नाही, उशीर केला तर आवरत नाही. पावसाळा टाळा, डॉक्टरांकडूनच करून घ्या. दगडाने चेचण्याची जुनी रीत सोडा. औताला शिकवायचा तो जुन्या, शांत बैलाच्या जोडीने आणि हलक्या कामावर.

गावाचा वळू

चार मोकाट वळूंपेक्षा एक निवडलेला वळू बरा. पूर्ण वाढलेला वळू पन्नास-साठ गायींना पुरतो. नव्या वळूला आठवड्याला दोन-तीनच गायी. दर अडीच-तीन वर्षांनी तो दुसऱ्या गावाशी बदला, म्हणजे त्याच्याच कालवडी त्याच्यापुढे येणार नाहीत. गर्भपाताच्या रोगासाठी रक्त तपासा. वळू शांत दिसला तरी त्याच्याकडे पाठ करू नका. बाकीचे खोंड गावाने मिळून एका दिवशी खच्ची करावेत. मोकाट गोऱ्ह्यांची फौज आपल्याच ज्वारीत शिरते, दुसऱ्या कोणाच्या नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने चार आकडे आणावेत : गायी किती, जोड्या किती लागतात, खोंड किती, थकलेले बैल किती. चाऱ्याचे अनुदान थकलेल्या बैलामागे शेतकऱ्याच्या दावणीला मागायचे आहे. ते मागताना गावोगावचे आकडे आपल्या हातात पाहिजेत.